चार पील झाले, खड्डे तसेच: आता टीसीए करावं का?

प्रश्न थोडक्यात असा. राहणं सोलापूर, वय २४, वर्ण गव्हाळ-सावळा, दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर पिंपल्सचे खड्डे. ग्लायकोलिक ॲसिडचे चार पील (ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलणं) झाले. डाग बरेच गेले, खड्डे जागच्या जागी. दिवाळीनंतर कुणीतरी टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, सुचवलं. ते ऑनलाइन बाटलीत मिळतं, मग घरी करता येईल का? आणि मे महिन्यात लग्न आहे, तोवर चेहरा सपाट होईल का?

चारही पील बहुधा व्यवस्थितच झाले असतील. चेहऱ्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. काळसर डागांचा बराचसा रंग त्याच थरात असतो, म्हणून वरवरच्या पीलने डाग फिके पडतात. खड्डा मात्र त्याखालच्या थरात तयार होतो. मोठ्या पुळीच्या सुजेने तिथलं कोलॅजन (कातडीला आधार देणारं प्रथिन) विरघळलेलं असतं, त्यामुळे वरची कातडी आत बसते. ग्लायकोलिक तिथवर पोहोचतच नाही. चारऐवजी चौदा पील केले तरी खड्ड्यांची खोली फारशी बदलणार नाही. पाचव्या सिटिंगचे पैसे आत्ता भरू नका.

आधी खड्डे ओळखायला हवेत. ट्यूबलाइटखाली समोरून पाहिलं तर निम्मे दिसतच नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी बसा, किंवा अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च कानाजवळ आडवा धरून आरशात पाहा. सुई टोचल्यासारखी बारीक आणि खोल छिद्रं, तोंडाशी २ मिलिमीटरपेक्षा अरुंद, हे आइसपिक खड्डे. कडा सरळ उभ्या, तळ सपाट, रुंदी साधारण दीड ते ४ मिलिमीटर, कांजण्यांच्या व्रणांसारखे दिसणारे, हे बॉक्सकार. कडा नसलेले, लाटांसारखे उथळ आणि ४-५ मिलिमीटरपेक्षा रुंद असतील तर ते रोलिंग. बोटांनी गाल ताणा. ताणल्यावर जे नाहीसे होतात ते रोलिंग, जे तसेच राहतात ते आइसपिक किंवा खोल बॉक्सकार. सपाट तपकिरी किंवा लालसर ठिपका हा खड्डा नव्हे, तो डाग. त्याला काळ, सनस्क्रीन आणि क्रीम पुरते. बहुतेक चेहऱ्यांवर ही सगळीच सरमिसळ असते, म्हणून उपचारही एक नसतो. चेहऱ्याचा फोटो छापून त्यावर तीन रंगांच्या पेनांनी खुणा करून घ्याव्यात. पुढे सुधारणा मोजायलाही तोच कागद उपयोगी पडतो.

केमिकल पीलने खरोखर भरून येणारा खड्डा मुख्यतः आइसपिक. त्याची पद्धत म्हणजे टीसीए क्रॉस. यात ॲसिड चेहराभर फासत नाहीत, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एकेक टिंब टेकवतात. २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ६५ रुग्णांवर ६५ टक्के आणि १०० टक्के टीसीए वापरून ही पद्धत मांडली, तेव्हापासून ती जगभर चालते. सावळ्या कातडीला ती सोसते, कारण खड्ड्यांमधली चांगली कातडी कोरडीच राहते आणि तिथून जखम लवकर भरते. लहान बॉक्सकारलाही हिचा फायदा होतो. रोलिंगला जवळजवळ नाही.

आता पहिली अट. चेहऱ्यावर नव्या पुळ्या येत असतील तर खड्ड्यांना हात लावू नये. एकीकडे जुने भरायचे आणि दुसरीकडे नवे पडत राहायचे, यात पैसा आणि कातडी दोन्ही जातात. निदान दोन-तीन महिने चेहरा शांत हवा. दुसरी अट, चेहऱ्याला स्टेरॉइडचं क्रीम चालू नसावं, आपल्याकडे फार वेळा मोडलेली दिसते. मेडिकलवाल्याने हातात दिलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम. त्यात बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावल्याने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते. अशा कातडीवर पील म्हणजे भाजून घेणं. आधी ते क्रीम सोडवावं लागतं. चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाने ट्यूब घेऊन या असं सांगितलं तर ती विनाकारण केलेली चौकशी नसते.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या आणखी काही गोष्टी: ओठाजवळ वारंवार उठणारा नागिणीसारखा पुरळ (हर्पिस), कान टोचल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर आलेली फुगीर गाठ (किलॉइड), गर्भधारणा किंवा तिची शक्यता, ॲस्पिरिनची ॲलर्जी (असेल तर सॅलिसिलिक पील नको), आणि पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. या गोळ्यांनंतर सहा महिने काहीच करू नये असा जुना दंडक होता. आता वरवरच्या पीलसाठी तो शिथिल झाला आहे. चेहराभराच्या मध्यम आणि खोल पीलसाठी मात्र सहा महिने थांबणंच शहाणपणाचं. लग्न ठरलेल्या मुलींनी एक लक्षात ठेवावं: या गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

सगळ्यात जास्त घाई होते ती प्रायमिंगमध्ये, आणि काळे डाग पडण्याचं मूळही तिथेच असतं. पीलच्या आधी निदान दोन आठवडे, सावळ्या वर्णाला चार आठवडे, कातडी तयार करावी लागते. रात्री ट्रेटिनॉइनचं क्रीम ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढं, संपूर्ण चेहऱ्याला. सुरुवातीला एक दिवसाआड. डाग पडण्याची सवय असेल तर डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के, तेही डॉक्टरच्या देखरेखीत आणि सलग तीन महिन्यांच्या वर नको. वर्षानुवर्षं लावत राहिल्यास कातडीत निळसर-काळी झाक बसते आणि ती काढणं मूळ डागापेक्षा कठीण. सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिक आणि पीए+++ असलेलं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन पूर्ण रेघा एवढं, चेहरा आणि गळ्याला. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. ट्रेटिनॉइन पीलच्या तीन ते पाच दिवस आधी बंद. आधीचा एक आठवडा थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब यांपैकी काही नको. पार्लरमध्ये ‘एकाच दिवशी क्लीनअप आणि पील’ असं पॅकेज सांगितलं तर उठून या.

चेहराभराच्या पीलचं थोडक्यात. ग्लायकोलिक २० किंवा ३५ टक्क्यांपासून, पहिल्या वेळी एक ते दोन मिनिटं. पुढे वेळ वाढवावी, मग तीव्रता. कपाळ, गाल, नाक, हनुवटी या क्रमाने, ओठ आणि डोळ्यांजवळचा भाग शेवटी. लालसरपणा आला की बायकार्बोनेटच्या द्रावणाने थांबवून भरपूर पाणी. ग्लायकोलिकने पांढरा पट्टा उठला तर वेळ हुकली, घड्याळात मिनिट बाकी असलं तरी तिथेच थांबवायचं. सॅलिसिलिक २० ते ३० टक्के, तीन ते पाच मिनिटं. यात पांढरी पावडर बसते, ती स्फटिकांची असते, भाजल्याची नाही, आणि तिला निष्क्रिय करावं लागत नाही. तेलकट चेहऱ्याला हे उत्तम. मॅन्डेलिक ॲसिडचा रेणू मोठा, आत हळू शिरतो, म्हणून नाजूक आणि सावळ्या कातडीला सोसतं. मधलं अंतर दोन आठवडे. यातलं काहीही खड्डे भरत नाही. डाग, तेलकटपणा आणि बारीक खडबडीतपणा कमी करतं. टीसीए चेहराभर लावायचं झालं तर आपल्या वर्णाला १० ते २५ टक्क्यांत राहावं. ३५च्या पुढे संपूर्ण चेहऱ्याला लावणं म्हणजे नवे व्रण ओढवून घेणं. फिनॉलचं खोल पील तर आपल्या कातडीसाठी नाहीच. रंग कायमचा जातो, शिवाय ते हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करतं.

आता क्रॉस. रुग्णाला बसवून, तिरप्या प्रकाशात खड्ड्यांवर खुणा करायच्या. आडवं झोपवल्यावर कातडी पसरते आणि निम्मे खड्डे हरवतात. चेहरा साबणाने धुऊन, मग स्पिरिट किंवा ॲसिटोनने पुसून तेल काढायचं. तेल नीट निघालं नाही तर ॲसिड कुठे कमी, कुठे जास्त उतरतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन. डोक्याशी सलाइनची बाटली उघडून ठेवलेली हवी. ॲसिडची वाटी कधीही चेहऱ्याच्या वर धरायची नाही, ॲसिड लावलेला हात डोळ्यांवरून न्यायचा नाही.

साधन म्हणजे लाकडी टूथपिक, टोक ब्लेडने आणखी बारीक केलेली. ती ॲसिडात बुडवून कडेला टेकवून जादा थेंब झटकायचा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून टोक खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं आणि काही सेकंद दाबायचं. साधारण दहा सेकंदांत तिथे चुन्यासारखा पांढरा ठिपका उमटतो. हाच फ्रॉस्ट, कातडीतली प्रथिनं गोठल्याची खूण. ठिपका खड्ड्याच्या आत राहिला पाहिजे, काठाबाहेर पसरला तर ॲसिड जास्त झालं. फ्रॉस्ट आला नाही तर थोडं थांबून पुन्हा टेकवता येतं, पण आलेल्या फ्रॉस्टवर पुन्हा ॲसिड लावत बसू नये. काही जण इन्सुलिनच्या सुईने थेंब सोडतात. हात पक्का असेल तर जमतं, पण सुईतून किती उतरलं यावर ताबा राहत नाही. टूथपिक ओलावा धरून ठेवते, म्हणून ती बरी.

जळजळ दोन-तीन मिनिटं जोरात होते, छोटा हातपंखा पुरतो. इथे एक गैरसमज आहे. बायकार्बोनेट लावून टीसीए थांबवता येतं असं वाटतं, पण एकदा फ्रॉस्ट उठला की ॲसिडचं काम होऊन गेलेलं असतं. थंड पाण्याची पट्टी आराम देते, परिणाम मागे घेत नाही. डोळ्यात थेंब गेला तर मात्र एक सेकंदही न दवडता सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

तीव्रता किती? १०० टक्क्याने काम जास्त होतं हे खरं, पण आपल्याकडे पहिल्या वेळी ५० ते ७० टक्के घेऊन चार-पाच खड्ड्यांवर, कानाजवळ, करून पाहावं. चार आठवड्यांनी कातडी कशी वागली ते दिसतं. बारीक आणि खोल छिद्रांसाठी १०० टक्के अनुभवी हातात चालतं. रुंद बॉक्सकारमध्ये तळाला भरभरून लावलं तर भिंती खचतात आणि खड्डा आधीपेक्षा रुंद होतो. क्रॉसची सगळ्यात वाईट बिघडलेली केस बहुधा हीच असते.

घरच्या बाटलीबद्दल म्हणूनच स्पष्ट उत्तर: नाही. टीसीएची टक्केवारी वजन आणि आकारमानाच्या हिशेबात मोजतात. ५० टक्के म्हणजे ५० ग्रॅम स्फटिक आणि एकूण द्रावण १०० मिली होईल इतकंच डिस्टिल्ड वॉटर. कुणी ५० ग्रॅममध्ये ५० मिली पाणी ओतलं तर त्यालाही ५० टक्केच म्हणतात, पण ते बरंच कडक असतं. ऑनलाइन बाटलीवर यातली कुठली पद्धत हे लिहिलेलं नसतं. त्यात आरशात उलटं दिसणारं बोट, ताणायला दुसरा हात मोकळा नाही आणि जळजळीने मिटणारे डोळे. ‘३० टक्के एएचए’ (ग्लायकोलिकच्याच गटातली ॲसिडं) लिहिलेल्या लाल द्रावणाने खड्डे भरतील ही आशाही सोडा. त्याचा उपयोग फार तर ग्लायकोलिकच्या तुमच्या चार पीलएवढा, आणि ते दहा मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवलं की गालावर तपकिरी पट्टे.

क्रॉसनंतर पांढरा ठिपका तासा-दोन तासांत जातो, जागा लाल होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी खपली धरते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप पडते. खपली नखाने काढली की खड्डा पुन्हा उघडा, वर काळा डाग. तोवर दिवसातून तीन-चार वेळा व्हॅसलीन किंवा साधं मॉइश्चरायझर. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. साठवलेलं पाणी आणि बोअरचं जड पाणी, दोन्ही या आठवड्यात चेहऱ्याला नको. उकळून गार केलेलं पाणी आणि सौम्य फेसवॉश पुरे. गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ चांगलाच, पण सुती, सैल आणि रोज धुतलेला. घामाने ओला सिंथेटिक स्कार्फ गालावर घासत राहिला तर संसर्गही होतो आणि डागही पडतात. स्कार्फ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नये. खपली पडल्यावर लावायला सुरुवात करायची, तोवर ऊन टाळायचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा विड्यांच्या पानतंबाखूत काम असेल तर निदान चार-पाच दिवस सुट्टी, ते जमत नसेल तर सिटिंग शनिवारी ठेवा.

बिघाडांपैकी सगळ्यात नेहमीचा म्हणजे काळा डाग. प्रायमिंग झालं नाही, खपली खुडली, उन्हात फिरलं, किंवा चेहऱ्यावर पुळ्या असतानाच ॲसिड लावलं, यातलं एखादं कारण जवळजवळ नेहमी सापडतं. हा डाग बहुधा दोन-तीन महिन्यांत उतरतो. तो घालवायला घाईने दुसरं पील करणं हाच त्याला वाढवायचा मार्ग. खपली पडल्यावर पुन्हा हायड्रोक्विनोन किंवा ॲझेलेइक ॲसिड सुरू करून पुढची सिटिंग डाग निवळेपर्यंत पुढे ढकलावी. पांढरा डाग कमी वेळा पडतो, पण पडला तर कधीकधी कायमचा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं किंवा पू दिसला तर संसर्ग. बारीक फोडांचा पुंजका आणि ठणका असेल तर हर्पिस, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. ज्यांना तो आधी झालेला आहे त्यांना पीलच्या आदल्या दिवशीच ॲसायक्लोव्हिर सुरू करून सात ते दहा दिवस देतात. एखादी जागा तीन आठवड्यांनंतरही लाल असेल आणि बोटाला टणक लागत असेल तर व्रण फुगायला लागला आहे, तिथे वाट पाहू नये.

रोलिंग खड्डे कातडीखालच्या तंतूंनी खाली ओढलेले असतात. वरून कितीही ॲसिड लावलं तरी दोर तुटत नाही. तिथे सबसिजन: भूल देऊन जाड सुई किंवा कॅन्युला आडवी आत घालून ते तंतू मोकळे करणं. एक-दोन आठवडे निळसर सूज राहते. त्यानंतर दीड ते दोन मिलिमीटरचं मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं), चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, किंवा फ्रॅक्शनल लेसर. फार खोल बॉक्सकार पंचने कापून काढणंच सोपं. तुमच्या वर्णनात गालांवरचे खड्डे कसले ते नाही, पण कानशिलांवरचे बहुतेकदा आइसपिक किंवा बॉक्सकार असतात आणि गालांच्या खालच्या भागातले रोलिंग. म्हणजे क्रॉस आणि सबसिजन दोन्ही लागतील असं धरून चला. खाजगी क्लिनिकचा खर्च झेपत नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून निदान खड्ड्यांचे प्रकार तरी ठरवून घ्या.

लग्नाचा हिशेब. प्रायमिंग आत्ता लगेच सुरू केलं तर पहिलं क्रॉस डिसेंबरच्या मध्यावर. दुसरं सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात. अडुसष्ट लिंगांच्या नंदीध्वज मिरवणुकीत दिवसभर उन्हात चालायचं असेल तर तिच्या आधीचे आणि नंतरचे आठ दिवस मोकळे ठेवा. तिसरं फेब्रुवारीच्या शेवटी. रंगपंचमी जवळ आली असेल तर रंगांनंतर. मार्चच्या अखेरीनंतर क्रॉस नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात ताजी जखम काळी पडण्याचा धोका नको. पूर्ण कोर्स तीन ते सहा सिटिंगचा असतो, त्यातले तीन तुम्हाला मिळतील. कोलॅजन शेवटच्या सिटिंगनंतरही तीन ते सहा महिने भरत राहतं. सबसिजन करायचं तर जानेवारीतच. मेपर्यंत चेहरा सपाट होणार नाही. आइसपिक उथळ होतील, तिरप्या प्रकाशातल्या सावल्या कमी होतील. सहा सिटिंगनंतरही निम्म्याहून अधिक सुधारणा झाली तर निकाल चांगला म्हणायचा. उरलेली सिटिंग लग्नानंतरच्या हिवाळ्यात, तेव्हा गर्भधारणेचा बेत असेल तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन आधी बंद.

एप्रिलमध्ये हवं तर एक-दोन सौम्य मॅन्डेलिक, शेवटचं हळदीच्या तीन आठवडे आधी. हळद लावणाऱ्या बायकांना सांगून ठेवा की गालांवर बेसन घालून घासायचं नाही, नुसती हलक्या हाताने टेकवायची. मेकअपवालीकडून सिलिकॉन प्रायमरची ट्रायल आधी घ्या आणि ती फोटोग्राफरच्या बाजूने येणाऱ्या दिव्यात पाहा, आरशासमोर नाही.